घरून विकलेली वस्तू पार्सलने पाठवताना: पॅकिंगच्या साहित्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून लोणची-मसाले विकणारे, बचत गटाचा फराळ पाठवणारे, साड्या, मूर्ती, चपला, जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणारे अशा सगळ्यांकडून पॅकिंगबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती जवळपास प्रत्येक उत्तरात येणार आहे. साहित्य निवडताना पहिल्यांदा किंमत बघू नका, आपली वस्तू कशाने बिघडते ते बघा. काही वस्तू आदळून फुटतात, काही दाबाने चेपतात, काही ओल लागून खराब होतात, काही गळतात. ही चार वेगळी दुखणी आहेत आणि बबल रॅप हे चारांवरचं औषध नाही.

१. नुकतीच सुरुवात केली आहे. आधी काय काय आणून ठेवू?

कमी आणा. दोन मापांची खोकी, एका मापाच्या कुरियर बॅगा, दोन इंची टेपचे दोन-तीन रोल, लहान फुग्यांच्या बबल रॅपचा एक रोल, झिपलॉक पिशव्या आणि घरात नसेल तर एक वजनकाटा आणि मोजपट्टी. एवढ्यावर सुरुवातीच्या ऑर्डरी आरामात निघतात. खोकी ठोकात स्वस्त पडतात म्हणून शंभर-दोनशे आणून ठेवू नका. पहिल्या महिन्यात आपलं माप हमखास बदलतं आणि मग ती खोकी पलंगाखाली पडून राहतात. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीला, मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला फिरलात तर सुटं साहित्य हातात घेऊन बघता येतं. पहिली खरेदी तरी हातात घेऊनच करावी, फोटोवरून पुठ्ठ्याचा दर्जा कळत नाही.

२. थ्री प्लाय घ्यावं की फाइव्ह प्लाय?

थ्री प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि त्यांच्या मधे एक नागमोडी थर. फाइव्ह प्लायमध्ये सपाट कागद तीन आणि नागमोडी थर दोन. कपडे, चपला, सुका मसाला, दोन-चार पुस्तकं यांना थ्री प्लाय पुरतं. काच, पितळ, चिनी माती किंवा पाच किलोच्या वरचं काहीही असेल तर फाइव्ह प्लाय घ्या.

पण नुसतं प्लाय मोजून भागत नाही. हलक्या कागदाचं फाइव्ह प्लाय चांगल्या थ्री प्लायपेक्षा कच्चं निघू शकतं. दुकानात एक सोपी परीक्षा करा: खोक्याच्या भिंतीवर अंगठ्याने दाबा. मधला नागमोडी थर लगेच बसला आणि अंगठ्याचा खळगा तसाच राहिला तर ते खोकं खाली ठेवा. नाग्या, म्हणजे नागमोडी थरातल्या लाटा, उभ्या आहेत ना, तेही बघा. खोकं जमिनीवर ठेवल्यावर भिंतीतल्या नाग्या वरून खाली गेलेल्या दिसल्या पाहिजेत. वरचं वजन त्याच पेलतात. आडव्या असतील तर वर दुसरं पार्सल ठेवताच भिंत घडी पडल्यासारखी दुमडते.

३. घरी आलेली जुनी खोकी वापरली तर चालतील का?

कपड्यांना आणि पुस्तकांना चालतील. काचेला नको. एकदा चेपून सरळ केलेल्या पुठ्ठ्यात त्या रेषेवर ताकद राहत नाही. वापरायचंच असेल तर जुनं लेबल आणि बारकोड पूर्ण काढा, नुसती रेघ मारू नका. यंत्राने जुना बारकोड वाचला तर पार्सल भलत्याच गावाला जातं.

४. खोक्याचं माप कसं ठरवायचं?

न फुटणाऱ्या वस्तूला सगळ्या बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोकळं ठेवा, नाजूक वस्तूला निदान पाच. “सगळ्या बाजूंनी” यात तळही आला. तळाला काही न घालता वस्तू ठेवायची आणि वरून मात्र भरपूर भरायचं, असं केलेली पार्सलं सर्रास दिसतात. खोकं तर बहुतेक वेळा तळावरच आपटतं.

मग ती मोकळी जागा पूर्ण भरा. टेप लावायच्या आधी झाकण हाताने मिटून खोकं कानाशी धरा आणि हलवा. आतून काही सरकल्याचा आवाज आला तर भरण अपुरं आहे. झाकण फुगून वर येत असेल तर ते जास्त झालं आहे. अशा खोक्याची टेप रस्त्यात सुटते.

थर्माकोलच्या शेंगदाण्यांसारख्या दाण्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. जड वस्तू प्रवासात हादरे खात त्यांच्यातून खाली खाली सरकते आणि शेवटी तळाला टेकते. चुरगाळून घट्ट केलेला कागद तिला जागेवर धरून ठेवतो.

५. खोक्याऐवजी नुसती कुरियर बॅग कधी चालते?

वस्तू दाबली तरी बिघडत नसेल तेव्हा. कुर्ते, ओढण्या, टी-शर्ट, कापडी पिशव्या, गोधड्या यांना बॅगच उत्तम, वजनही वाचतं. निवडताना बॅग आतून काळी किंवा करडी, म्हणजे आतलं न दिसणारी असावी. चिकटपट्टी एकदा बंद केल्यावर फाडल्याशिवाय उघडणार नाही अशी असावी. पावती ठेवायला बाहेर पारदर्शक खिसा असेल तर आणखी बरं. बॅग बोटांनी ताणून बघा, लगेच पांढरी पडून लांबत असेल तर ती पातळ आहे. दागिने हलके असले तरी नुसत्या बॅगेत घालू नका, आधी छोटी कडक डबी हवी.

६. बबल रॅपचे फुगे आत ठेवायचे की बाहेर?

आत, वस्तूकडे. सपाट बाजू बाहेर राहिली की टेप नीट बसते आणि फुगे वस्तूच्या चढउतारांत शिरून तिला धरतात. वस्तूला फुग्यांचे डाग पडण्याची शक्यता असेल, उदाहरणार्थ पॉलिश केलेलं लाकूड किंवा नवा रंग, तर आधी बटर पेपरचा थर द्या.

दहा मिलिमीटरचे छोटे फुगे ओरखडे आणि किरकोळ धक्के अडवतात. पंचवीस मिलिमीटरच्या आसपासचे मोठे फुगे मोकळी जागा भरायला आणि जड वस्तूखाली गादी म्हणून चांगले. काचेच्या बरणीला छोट्या फुग्यांचे दोन ते तीन वेढे द्या आणि प्रत्येक वेढा तळ आणि तोंड यांच्यावरून दुमडून घ्या. वेढे फार आवळू नका. आवळताना फुगे फुटले तर उरतो तो साधा प्लास्टिकचा कागद. हा रॅप १९५७ साली अमेरिकेत आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान यांनी भिंतीला लावायचा उठावाचा कागद करताना बनवला. भिंतीवर तो काही चालला नाही, पुढे काही वर्षांनी संगणक पाठवताना त्याचा खरा उपयोग सापडला.

७. रद्दीच्या वर्तमानपत्राने खोकं भरलं तर?

भरायला चालतं, गुंडाळायला नाही. शाई कापडाला, पांढऱ्या चिनी मातीला, पुस्तकाच्या कडांना लागते. खाद्यपदार्थाला वर्तमानपत्र थेट लागता कामा नये. २०१८ च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांत त्याला सरळ मनाई आहे, कारण शाईतली रसायनं पदार्थात उतरतात. सीलबंद पाकिटाच्या बाहेर खोक्यात रद्दी असेल तर नियम मोडत नाही, पण लाडूच्या पाकिटाला शाईचे डाग लागलेले पाहून गिऱ्हाईक पुन्हा मागवेल का, याचा विचार करा. कोरा तपकिरी कागद किलोवर मिळतो, तो घ्या. कागदाचे गोळे करताना नुसते चुरगाळून टाकू नका, दाबून घट्ट करा. सैल गोळा प्रवासात बसतो आणि वस्तूला पुन्हा हलायला जागा मिळते.

८. माझ्या आकाशकंदिलाचं वजन ६०० ग्रॅम. कुरियरवाल्याने सहा किलोचे पैसे लावले. हे कसं?

त्याने खोक्याच्या आकाराचे पैसे लावले. बहुतेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात आणि त्याला ५००० ने भागतात. जे येईल ते व्हॉल्युमेट्रिक वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे पडतात. ४० × ३० × २५ सेंटिमीटरचं खोकं घ्या: गुणाकार ३०,०००, भागले ५०००, म्हणजे बरोबर ६ किलो. कंदील त्यात कापसाइतका हलका असला तरी फरक पडत नाही. काही कंपन्यांचा भाजक ४००० किंवा ४५०० असतो, त्यात वजन आणखी वाढतं. दर ठरवताना तो आधी विचारून घ्या.

म्हणून कंदील घडीचा करा. सांगाडा, झिरमिळ्या आणि कागद सपाट पाठवा आणि सोबत जोडायची चिठ्ठी द्या. भावना दुखावतील असं वाटतं, पण घरी मुलांसोबत कंदील जोडायला लोकांना आवडतं आणि पार्सलचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

वजनावरून वाद होतातच. पाठवण्याआधी काट्यावर ठेवलेल्या बंद खोक्याचा आणि प्रत्येक बाजूला लावलेल्या मोजपट्टीचा फोटो काढून ठेवा.

९. टेप कोणती आणि किती?

साधा सेलोटेप नको. ४८ मिलिमीटर रुंदीची पॅकिंग टेप घ्या, जड खोक्याला ७२ मिलिमीटरची. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर एकेक, अशी इंग्रजी एच अक्षरासारखी टेप वर आणि खाली दोन्हीकडे लावा. पट्टीची टोकं निदान पाच-सहा सेंटिमीटर खाली भिंतीवर उतरली पाहिजेत. लावल्यावर तळहाताने जोरात घासा. ही टेप दाबानेच धरते. खोक्यावर धूळ असेल किंवा ते पावसाळ्यात ओलसर झालं असेल तर महागातली टेपही सुटते, आधी कोरड्या फडक्याने पुसा.

१०. लोणच्याची काचेची बरणी न गळता, न फुटता कशी पाठवू?

गळणं आणि फुटणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक तक्रारी पहिल्याच्या असतात. बरणी शाबूत येते आणि तेल मात्र पुठ्ठ्यातून झिरपून शेजारच्याच्या पार्सलपर्यंत पोचलेलं असतं.

आधी गळण्याचं बघू. अर्धवट मुरलेलं लोणचं पाठवू नका, आत वायू तयार होत असतो आणि झाकण ढिलं होतं. तोंडापासून एक-दीड सेंटिमीटर जागा रिकामी ठेवा, उन्हाळ्यात गाडीत तेल फुगतं. बरणीचं तोंड स्वच्छ पुसा. तोंडावर तेलाचा एक थेंब जरी राहिला तरी सील बसत नाही. झाकणाखाली फॉइलचं सील असेल तर उत्तम. प्लास्टिकच्या बरण्यांना ते लावायचं हातातलं छोटं यंत्र मिळतं, आणि महिन्याला बऱ्यापैकी ऑर्डरी असतील तर त्यातला पैसा लवकर वसूल होतो. यंत्र नसेल तर तोंडावर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट फिरवा आणि झाकणाच्या कडेला टेपचा एक वेढा द्या. त्यावर बरणी झिपलॉक पिशवीत घाला, हवा काढा, बंद करा, आणि दुसऱ्या पिशवीत उलट्या दिशेने पुन्हा घाला. मग बरणी रात्रभर आडवी ठेवा. सकाळी पिशवीत तेल दिसलं तर ती पाठवू नका.

आता फुटण्याचं. बबल रॅपचे वेढे प्रश्न ६ प्रमाणे. दोन बरण्या असतील तर त्या एकमेकींना कधीही लागू देऊ नका, काच काचेवर आपटूनच जास्त फुटते. पुठ्ठ्याचे खाने करा: दोन पट्ट्यांना अर्ध्यापर्यंत चिरा देऊन त्या एकमेकींत अडकवल्या की चार कप्पे तयार. खोकं फाइव्ह प्लाय आणि बरण्या उभ्याच.

खरं सांगायचं तर अर्धा किलोपर्यंतच्या लोणच्यासाठी आम्ही अन्नासाठीच्या चांगल्या प्लास्टिकची जाड बरणी किंवा जाड थरांचा उभा पाऊच सुचवतो. काच दिसायला सुंदर, पण तिचं वजन, तिचा खर्च आणि तिची धास्ती तिन्ही गिऱ्हाइकाच्या बिलात जातात. तुपाला द्रवासारखंच बांधा. डिसेंबरात घट्ट असलेलं तूप मेमध्ये नागपूरच्या वाटेवर पाण्यासारखं होतं. कोकम आगळ आणि सरबतालाही हेच सगळं लागू आहे.

११. चकल्यांचा चुरा होतो. काय चुकतं?

पाकिटात मोकळी हवा. चकली, करंजी, अनारसे पिशवीत भरून खोक्यात टाकले की ते एकमेकांवर आपटतात. कडक डबा घ्या, चकल्या चवडीने रचा, थरांमधे बटर पेपर ठेवा आणि वरची उरलेली जागा अन्नाला चालणाऱ्या कागदाने भरा. झाकण लावल्यावर डबा हलवला तर आवाज येऊ नये. चिवडा आणि शेव यांची पाकिटं हवा भरून सील केली तर तीच भरणाचं काम करतात. खोक्यात डब्यांच्या मधे ती खोचा. सगळ्यात खाली लाडू, वर चकली, उलट नको. लाडू जड असतात.

मिठाईच्या डब्यावर बाहेरून चकचकीत प्लास्टिकची फिल्म चढवत असाल तर प्रश्न १७ वाचा.

१२. शाडूच्या गणपतीची मूर्ती पार्सलने जाते का?

जाते, पण उंचीला मर्यादा ठेवा. साधारण एका फुटाच्या वरची शाडूची मूर्ती कुरियरने पाठवूच नये असं आमचं ठाम मत आहे. ती गाडीने, माणसासोबत जावी. पेणहून मुंबई-पुण्याला मूर्ती पेंढा घालून टेम्पोतून जातात, त्यातही सोबत जाणारा माणूस असतो. कुरियरच्या गोदामात तसा माणूस नसतो.

शाडू आदळून फुटतो तसा दाबानेही मोडतो, हे विसरू नका. सोंड, कान, मुकुटाचं टोक, आशीर्वादाचा हात आणि परशू धरलेली बोटं या जागा सगळ्यात आधी जातात. म्हणून भार कुठे द्यायचा हे ठरवून बांधायचं: पाटावर आणि धडावर. पुढे आलेल्या भागांवर अजिबात नाही.

मूर्ती पूर्ण वाळलेली हवी, रंगही. ओल्या शाडूचं वजन जास्त आणि ताकद कमी. रंगावर आधी बटर पेपर, थेट बबल रॅप नको, कारण बंद खोक्यातल्या उष्णतेत ताज्या रंगाला फुग्यांचे गोल चिकटतात. हात आणि धड यांच्यामधल्या पोकळीत, सोंडेखाली, कानांमागे कापूस किंवा मऊ टिश्यू हलकेच ठेवा. ठासू नका, ठासलेला कापूसच हात मोडतो. मग फोमच्या जाड तुकड्यांत पाटाच्या आकाराची खाच करून पाट त्यात बसवा आणि धडाला दोन्ही बाजूंनी फोमचा आधार द्या. मूर्ती आतल्या खोक्यात उचलून हलवली तरी जागेवरच राहिली पाहिजे, पण सोंडेला पुढच्या भिंतीचा स्पर्श होता कामा नये. हे आतलं खोकं बाहेरच्या फाइव्ह प्लाय खोक्यात, मधे सगळीकडे पाच ते सात सेंटिमीटर घट्ट कागद किंवा फोम. एकाच खोक्यात पाठवलेली शाडूची मूर्ती सुखरूप पोचली तर ते नशीब समजा.

प्रश्न १६ मधली चाचणी मूर्तीसाठी सोडू नका. रंगात चुकलेली किंवा तडा गेलेली मूर्ती त्यासाठी बाजूला ठेवा.

१३. पैठणी पाठवायची आहे. बबल रॅप लावू का?

नको. साडी आदळून फुटत नाही, तिला ओल आणि घडीची रेघ सोसत नाही. आधी मलमलचं किंवा सुती कापड, त्यावर पाणी न शिरणारी पिशवी, मग घडीच्या मापाचं सपाट खोकं. घडीच्या वळणात बटर पेपरची सैल गुंडाळी ठेवली तर जरीवर कडक मोड येत नाही. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांनी जरीकाम काळं पडतं. पिन, स्टेपल, आणि साडीला थेट लागणारी टेप, तिन्ही टाळा. पाच-दहा हजारांच्या वरची साडी नुसत्या कुरियर बॅगेत पाठवणं म्हणजे उगाच धोका घेणं आहे.

१४. जुनी पुस्तकं कशी पाठवावीत?

पुस्तकाचे कोपरे जातात आणि पाणी लागतं, एवढंच सांभाळायचं. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा एक सेंटिमीटर मोठे पुठ्ठे, मग आवळून टेप. पुठ्ठा बाहेर आलेला असला की कोपऱ्यावरचा मार तो घेतो. अनेक पुस्तकं असतील तर मोठ्या आकाराची खाली, आणि खोकं दहा किलोच्या वर नेऊ नका. उचलणारा ते ठेवत नाही, टाकतो.

टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, नियतकालिकं आणि जाहिरातीचा मजकूर चालत नाही. आपलं पुस्तक त्यात बसतं का, ते खिडकीवर आधी विचारा.

१५. पावसाळ्यात वेगळं काय करायचं?

पुठ्ठा हवेतली ओल पितो. हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास गेली की खोक्याची वजन पेलण्याची ताकद निम्म्यावर येते, आणि कोकणात जुलैमध्ये असे दिवस सलग असतात. तेव्हा एक पायरी वर चढा: जिथे थ्री प्लाय देता तिथे फाइव्ह प्लाय. खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा. पाणी अडवायचा थर वस्तूच्या सर्वात जवळ हवा. नुसतं खोक्यावर बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं तर एक फाटलेला कोपरा पुरतो.

लेबलवर आडवी पारदर्शक टेप लावा, पण बारकोडवर सुरकुती येऊ देऊ नका. शाईपेनाने लिहिलेला पत्ता पावसात वाहतो, बॉलपेन किंवा पक्का मार्कर वापरा आणि पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवा.

याला अपवाद कोल्हापुरी चपलांचा. वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं हे कातडं हवाबंद पिशवीत ठेवलं तर त्यावर चार दिवसांत बुरशी धरते. चपला सावलीत कोरड्या करा, सुती पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि खोक्यात ठेवा. पाण्याचा थर इथे खोक्याच्या बाहेर, कुरियर बॅगेच्या रूपात. दुसरा अपवाद हापूसचा: फळ श्वास घेतं, उष्णता आणि पिकवणारा वायू सोडतं. भोकं पाडलेलं खोकं, फळाला कागद किंवा फोमची जाळी, मधे सुका पेंढा, आणि प्लास्टिक कुठेही नाही. पिकलेली फळं पाठवू नका, पाडाची पाठवा. दोन-तीन दिवसांत पोचणार नसेल तर ऑर्डर घेऊ नका.

१६. माझं पॅकिंग पुरेसं आहे हे पाठवण्याआधी कसं कळेल?

पाडून बघा. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन या संस्थेची पॅकिंगची प्राथमिक चाचणी घरी करण्याइतकी सोपी आहे. साधारण साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे ओट्यापेक्षा थोडं खालून, दहा वेळा पाडायचं: एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा आणि सहाही बाजूंवर एकेकदा. प्रयोगशाळेत कंपनाची चाचणीही असते, ती घरी जमणार नाही. खऱ्या वस्तूऐवजी तेवढ्याच वजनाची, तशीच फुटणारी स्वस्त वस्तू घ्या. लोणच्याच्या जागी पाणी भरलेली बरणी.

उघडल्यावर फुटलं की नाही एवढंच बघू नका. वस्तू ठेवली होती तिथेच आहे का? एका बाजूला सरकली असेल तर अकराव्या वेळी ती फुटणार आहे.

“नाजूक, काळजीपूर्वक हाताळा” हा स्टिकर लावा, त्याने नुकसान नाही, पण त्याच्या भरवशावर एक थरही कमी करू नका. पट्ट्यांवरून धावणाऱ्या पार्सलांचे स्टिकर कोणी वाचत बसत नाही.

१७. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आहे. बबल रॅप, कुरियर बॅग चालते का?

केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंद केलेल्या एकल-वापर प्लास्टिकच्या यादीत बबल रॅप नाही. त्या यादीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी मात्र आहेत. मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म बंद आहे. फराळाच्या डब्यावर ती चढवणारे अनेकजण आजही दिसतात, त्यांनी ती थांबवावी. दुसरं म्हणजे सजावटीचा थर्माकोल. राज्याने २०१८ मध्ये बंदी आणली तेव्हापासून पहिल्या वेळी ५,००० आणि दुसऱ्या वेळी १०,००० रुपये दंड आहे. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून साहित्य घेताना जाडी आणि उत्पादकाची माहिती छापलेलं घ्या.

नियम बाजूला ठेवूनही, जिथे कागदाने भागतं तिथे कागद वापरा. मधमाशीच्या पोळ्यासारखा ताणून उघडणारा कागद आता सहज मिळतो. काचेच्या छोट्या वस्तूंना तो बबल रॅपइतकाच चांगला चालतो, आणि गिऱ्हाइकाला तो रद्दीत देता येतो. पाणी अडवायला मात्र कागद उपयोगाचा नाही.

१८. कितीही चांगलं बांधलं तरी न जाणाऱ्या वस्तू कोणत्या?

विमानाने न जाणाऱ्या. कापूर, अत्तर, नेलपॉलिश, सॅनिटायझर हे ज्वालाग्राही आहेत. सुट्या पॉवर बँकेत लिथियम बॅटरी असते. सुकं खोबरं पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण तेलामुळे ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान कंपन्या ते घेत नाहीत. पूजेचं साहित्य विकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, एका संचात कापूर आणि खोबऱ्याची वाटी दोन्ही असतात. कुरियरला “फक्त रस्त्याने” असं सांगून, वस्तूचं खरं नाव लिहून आधी होकार घ्या. “पूजा साहित्य” एवढं लिहून पाठवलेलं पार्सल स्कॅनरवर अडकलं तर ते तिथेच राहतं.

१९. परदेशात पाठवताना लाकडी पेटी आणि पेंढा चालतो का?

पेंढा, गवत, भाताचं तूस वापरू नका. त्यातून किडी आणि बिया जातात, आणि ऑस्ट्रेलियासारखे देश याबाबत फार कडक आहेत. कच्च्या लाकडाच्या पेटीला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया आणि तसा शिक्का लागतो. प्लायवूडला आणि सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकडाला हा नियम लागू नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी ही वस्तू झाली, पेटी नाही; तिच्यासाठी त्या त्या देशाचे वेगळे नियम बघा. कापडात शिवून लाखेचा शिक्का मारण्याची जुनी पद्धत अजून काही घरांत आहे. चांगल्या खोक्याला त्याची गरज नाही, पण लांबच्या प्रवासात खोक्याच्या कडा ते खरंच सांभाळतं.

२०. सगळं करूनही वस्तू तुटली. भरपाई मिळते का?

पुरावा असेल तर मिळण्याची शक्यता असते. पॅक करताना एकसलग व्हिडिओ काढा: वस्तू शाबूत आहे, ती आत जाते आहे, टेप लागते आहे, लेबल वाचता येतं आहे, कुठेही तुकडा न जोडता. गिऱ्हाइकालाही उघडताना व्हिडिओ काढायला सांगा, आणि ते विनंतीच्या सुरात खोक्यावर छापा. कुरियरच्या अटींत “अपुरं पॅकिंग” हे नकाराचं नेहमीचं कारण असतं, म्हणून आतल्या भरणाचा फोटोही हवा. महागड्या वस्तूची किंमत जाहीर करून विमा घ्यावा.

२१. एकाच ऑर्डरीत पितळी समई आणि काचेच्या दोन बरण्या आहेत. एकाच खोक्यात घालू का?

दोन खोकी करा. जड आणि नाजूक वस्तू एकत्र आल्या की नाजूक वस्तूला बाहेरच्या धक्क्यापेक्षा आतल्या जड वस्तूचाच धोका जास्त. गिऱ्हाइकाने एकच पार्सल मागितलं असेल तर समईचे भाग सुटे करून, प्रत्येक भाग वेगळा गुंडाळून, ते एका छोट्या खोक्यात घट्ट बांधा आणि ते मोठ्या खोक्याच्या तळाला टेपने पक्कं करा. त्यावर फाइव्ह प्लाय पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा तुकडा, आणि त्याच्यावर खान्यांत बरण्या, प्रश्न १० प्रमाणे. अशा खोक्याचं व्हॉल्युमेट्रिक वजन आणि दोन वेगळ्या खोक्यांचं वजन काढून बघा. बऱ्याचदा दोन खोकीच स्वस्त पडतात, आणि तो हिशेब गिऱ्हाइकाला दाखवला की तेही दोन पार्सलांना हो म्हणतात.